वीस हजार वेळा घेतलेलं नाव

दोस्तांनो, वर्गात पहिला नंबर कुणाचा हे ठरवणं सोपं असतं. गुणांची बेरीज केली की झालं! पण शास्त्रज्ञांचे नंबर कसे काढत असतील? त्यांना कुठे प्रगतिपुस्तक असतं?

असतं बरं का, वेगळ्या तऱ्हेचं! शास्त्रज्ञ आपलं संशोधन शोधनिबंध म्हणून छापतात. दुसऱ्या कुणी त्याच्या आधाराने पुढचं काम केलं, की तो आपल्या निबंधात पहिल्याचं नाव लिहितो. ‘हे गणित मी ताईकडून शिकलो’ असं तुम्ही वहीत प्रामाणिकपणे लिहावं, तसंच हे. याला म्हणतात संदर्भ, म्हणजे सायटेशन. अमेरिकेतल्या युजीन गारफील्ड यांनी १९६४ साली अशा संदर्भांची भलीमोठी सूची काढायला सुरुवात केली. तेव्हापासून कुणाचं नाव किती वेळा घेतलं गेलं, ते मोजता येऊ लागलं.

यात पहिला कोण, ओळखा पाहू! आइन्स्टाईन? चूक! २०१४ साली झालेल्या मोजणीत पहिला आला तो जीवरसायनशास्त्रातला एक निबंध. ऑलिव्हर लोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, १९५१ सालचा. संदर्भ किती? तीन लाखांहून जास्त! आणि त्यात होतं काय, तर प्रथिनं मोजायची एक पद्धत. खुद्द लोरींनाही तो काही फार थोर निबंध वाटत नव्हता. पण घरात जसा पळी-चमच्याला दिवसभर हात लागतो, तशी ही पद्धत प्रयोगशाळेत रोज लागायची. मग नाव येणारच!

अशाच एका पद्धतीची गोष्ट आज सांगायची आहे. पण तिच्यासाठी आधी यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीच्या शेतात जाऊ.

२०१७ चा पावसाळा. त्या वर्षी कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. पाठीवर पंप घेऊन फवारणी करणाऱ्यांच्या तोंडावर, अंगावर औषध उडत होतं. जिल्ह्यात शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने दवाखान्यात दाखल झाले. वीसच्या आसपास जणांचे प्राण गेले. फवारलेल्या औषधांत मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली विषंही होती.

ही विषं शरीरात काय करतात? आपल्या मज्जातंतूचा निरोप स्नायूकडे पोचवतं ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन. निरोप पोचला की ते लगेच तोडून टाकावं लागतं. ते काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, आहे ॲसिटिलकोलिनेस्टरेज. विष या विकरालाच जखडून टाकतं. मग शाळेची घंटा वाजतच राहावी, थांबूच नये, तशी गत होते. घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी थकून जातात. श्वासाचे स्नायूसुद्धा!

शरीरातलं हे विकर किती शिल्लक आहे, हे कळायचं कसं? इथे येतात जॉर्ज एलमन. १९५९ साली त्यांनी एका रसायनावर निबंध लिहिला. गंधकाचा विशिष्ट गट भेटला की हे रसायन पिवळं होतं. १९६१ साली त्यांनी आणि तीन सहकाऱ्यांनी त्याचाच उपयोग करून ही युक्ती काढली : रक्ताच्या नमुन्यात ॲसिटिलकोलीनचा गंधक असलेला जुळा भाऊ घालायचा. विकर त्याला तोडतं, गंधकवाला तुकडा सुटा होतो आणि पिवळा रंग चढू लागतो. रंग भरभर चढला तर विकर ठणठणीत. रेंगाळला तर काहीतरी बिघडलंय! त्या निबंधाचे आजवर वीस हजारांहून जास्त संदर्भ झालेत. अनेक प्रयोगशाळा अजून ही पद्धत, नाहीतर तिच्यावर बेतलेल्या पद्धती वापरतात.

लक्षणं दिसली की डॉक्टर तपासणीसाठी थांबत नाहीत, उपचार सुरू करतात. पण ही तपासणी त्याच्याही आधी उपयोगी पडते. रोज फवारणी करणाऱ्याचं विकर हळूहळू कमी होतंय, हे त्रास वाढण्यापूर्वीच कळू शकतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तर अशी विषं हाताळणाऱ्या मजुरांचं रक्त ठरावीक काळाने तपासायचा नियम १९७४ सालीच केला.

आता हिशेब करा. पद्धत छापली १९६१ ला. यवतमाळचे बळी गेले २०१७ ला. मध्ये छप्पन्न वर्षं! एवढ्या वेळात ते ज्ञान हजारो निबंधांत पोचलं, पण पाठीवर पंप घेतलेल्या माणसापर्यंत किती पोचलं? सूचीत तो रकानाच नाही. निबंधाने निबंधाचं नाव घेतलं तर गुण मिळतो. एखाद्या मजुराचा जीव वाचला, त्याचा गुण मोजत नाहीत. म्हणून कुणी ‘अमक्याचे एवढे संदर्भ’ म्हणालं, तर शाबासकी जरूर द्या आणि विचारा, ‘हे काम पोचलं कुठवर?’

या आठवड्याचं काम : घरी शेती असेल तर औषधाच्या डब्यावरचा रंगीत त्रिकोण बघा. हात लावायचा नाही हं, लांबूनच! लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. रंगाचा अर्थ बाबांना, काकांना वाचून दाखवा. हातमोजे आणि मास्क घाला, वाऱ्याच्या तोंडाला फवारू नका, फवारणी झाल्यावर साबणाने अंघोळ करा, असं हक्काने सांगा. ऐकतील ते तुमचं!