आधी वजन ठरवा, मग रॉड घ्या

गेल्या काही वर्षांत आमच्या खाडीकाठच्या गावांमध्ये एक नवा शौक चांगलाच रुजला आहे. संध्याकाळ झाली की जेटीवर, पुलाखाली, कांदळवनाच्या कडेला पोरं रॉड घेऊन उभी असतात. त्यांच्या आजोबांच्या हातात नुसता दोरा, शिसं आणि कोळंबी लावलेला गळ असायचा. यांच्या हातात रॉड आणि रील असतं, आणि दोऱ्याच्या टोकाला रबरासारखा मऊ, शेपटी हलवणारा खोटा मासा. त्याला सगळे ‘सॉफ्ट प्लास्टिक’ म्हणतात. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो, पण रविवारी खाडीवर असतो हे गावाला ठाऊक आहे. त्यामुळे माजी विद्यार्थी भेटले की तब्येतीच्या आधी विचारतात, “सर, रॉड कोणता घेऊ?”

मी त्यांना उलट विचारतो, “बाबा रे, तू किती ग्रॅम फेकणार आहेस?” हा प्रश्न बहुतेकांना आवडत नाही. त्यांना एखादं नाव ऐकायचं असतं, एखादा मॉडेल नंबर हवा असतो. पण माझं ठाम मत आहे की सॉफ्ट प्लास्टिकच्या मासेमारीत रॉड ही शेवटून दुसरी खरेदी असली पाहिजे. आधी पाणी पाहायचं, त्यावरून वजन ठरवायचं, वजनावरून रॉड ठरवायचा आणि रॉडला शोभेल ते रील घ्यायचं. आपल्याकडे हा क्रम उलटा चालतो. व्हिडिओत कुणीतरी वीस किलोचा मासा काढताना दिसतो, तसाच जाडजूड रॉड मागवला जातो आणि मग त्याला काय बांधायचं याचा विचार सुरू होतो.

यात नुकसान होतं ते कष्टाच्या पैशाचं. गॅरेजमध्ये काम करणारा, रिक्षा चालवणारा मुलगा दोन-तीन महिने पैसे साठवून रॉड घेतो. महिनाभर फेकाफेकी करतो, काही लागत नाही. रॉड कपाटामागे जातो आणि निष्कर्ष निघतो, “आपल्या खाडीत प्लास्टिकला मासा लागत नाही.” खाडीत मासा असतो आणि प्लास्टिकही खोटं नसतं, फक्त त्या रॉडला ते प्लास्टिक जाणवतच नसतं.

हे का होतं ते समजून घेऊ. लाकडाचा किंवा पत्र्याचा ल्युअर पाण्यात ओढला की स्वतः थरथरतो, चमकतो. मऊ प्लास्टिकचं तसं नाही. त्यात जीव आपल्या हातातून येतो. शिवाय मासा त्यावर बहुतेक वेळा झडप घालतो ती ते वरून खाली पडत असताना. म्हणजे सगळा खेळ त्या पडण्याचा आहे. ते किती वेगानं पडतं, तळाला कधी टेकतं आणि पडता पडता मध्येच कुणी ‘टक्’ केलं का, हे हाताला कळलं पाहिजे. वीस ते साठ ग्रॅमसाठी बनवलेल्या रॉडवर दहा ग्रॅम बांधलं तर रॉड वाकतच नाही. फेक जवळ पडते आणि टोकाकडून हातापर्यंत काहीच खबर येत नाही. उलट, दहा ग्रॅमच्या नाजूक रॉडवर चाळीस ग्रॅम जोरात फेकलं तर तो फेकतानाच मोडू शकतो.

या मऊ प्लास्टिकचा इतिहासही इथे उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात अ‍ॅक्रन शहरात निक क्रीम या गृहस्थानं 1949 साली घरीच मऊ प्लास्टिकचा गांडूळ तयार केला आणि तिथून हा प्रकार पसरला. तो तळ्यांमधल्या बास माशासाठी होता. तळ्यात भरती-ओहोटी नसते. आपल्या दाभोळच्या, जयगडच्या, बाणकोटच्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं. तळ्यात पाच ग्रॅम वजन सरळ खाली जाईल. उधाणाच्या ओढीत तेच पाच ग्रॅम तळ न पाहताच वाहून जाईल. म्हणून परदेशी व्हिडिओत सांगितलेला आकडा जसाच्या तसा इथे चालत नाही.

वजनाचा हिशेब आपल्या माणसांना नवा नाही. आमच्याकडचे दालदी, खारवी, भोई हे चंद्रावरूनच पाण्याचा अंदाज बांधत आले. कोकणात जुना हिशेब आहे : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. आमच्या घरांत तर चांदची तारीख रोजच्या बोलण्यात असते. ती तिथीपेक्षा साधारण एका दिवसानं मागे असते, तेवढं धरलं की झालं. चांदच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि चौदा ते सोळा या दिवसांत उधाण, पाण्याला जोरदार ओढ. सात ते नऊ आणि एकवीस ते तेवीस या दिवसांत भांग, पाणी मवाळ. ज्याला रमजानचा चांद कधी दिसेल याची उत्सुकता असते, त्याला हे गणित अवघड जाऊ नये.

आता प्रत्यक्ष आकडे. दोन ते चार मीटर खोल पाण्यात मी भांगाच्या दिवसांत पाच ते सात ग्रॅमचं जिग हेड लावतो. जिग हेड म्हणजे गळाच्या डोक्यावर ओतलेलं शिसं. मधल्या दिवसांत दहा ग्रॅम, उधाणाला चौदा आणि कधी एकवीसही. नियम एवढाच की तळाला लागेल असं सगळ्यात कमी वजन लावायचं. तळ जाणवतच नसेल तर वजन वाढवा. दगडासारखं धपकन पडत असेल तर कमी करा, कारण माशाला त्यावर झडप घालायला वेळच मिळत नाही. आणि वजन धरताना प्लास्टिकचं वजनही मिळवा, हे हमखास विसरलं जातं. तीन इंची प्लास्टिक पाच ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे दहा ग्रॅमचं जिग हेड लावलं की रॉडवर प्रत्यक्षात पंधरा ग्रॅम असतात.

एवढा हिशेब केला की रॉडची निवड सोपी होते. मुठीच्या थोडं वर बारीक अक्षरांत ल्युअरचं वजन छापलेलं असतं. तिथे सात ते एकवीस किंवा सात ते अठ्ठावीस ग्रॅम असं काहीतरी दिसलं तर तो रॉड आपल्या खाडीसाठी पहिला रॉड म्हणून योग्य. लांबी सात फुटांच्या आसपास, दोन तुकड्यांचा, म्हणजे एसटीतही नेता येतो.

त्याच ठिकाणी आणखी दोन शब्द असतात, पॉवर आणि अ‍ॅक्शन. यांचा घोळ सगळीकडे आहे. पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. ‘फास्ट’ रॉड टोकाकडून वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मंद अ‍ॅक्शनचा रॉड मधूनच, पार मुठीपर्यंत वाकतो. सॉफ्ट प्लास्टिकला फास्ट अ‍ॅक्शन हवी, कारण हलका झटका टोकापासून हातापर्यंत चटकन पोचतो. पॉवर मात्र जागेवर ठरते. उघड्या पाण्यात मीडियम लाइट किंवा मीडियम पुरे. कांदळवनाच्या मुळांशी तांबोसा धरायचा असेल तर एक पायरी वरचा रॉड लागतो, कारण तांबोसा लागताक्षणी मुळांत घुसतो आणि त्याला पहिल्या दोन-तीन सेकंदांत थोपवावं लागतं.

रील अडीच हजार किंवा तीन हजार आकाराचं घ्या. हा आकडा आकाराचा आहे, किमतीचा नाही. दोरा पंधरा ते वीस पौंडांचा विणलेला, म्हणजे ब्रेड. ब्रेड ताणत नाही, म्हणून तळाची खबर नीट देतो. पण तो खडकाला आणि कालवांना घासला की कापला जातो, म्हणून पुढे हातभर तरी जाड लीडर बांधायचा. जिताड्याचे जबडे खरबरीत आणि कल्ल्यांची झाकणं धारदार असतात. तिथे तीस पौंडांच्या खाली लीडर लावू नये.

आता तंत्र. प्रवाहाच्या थोडं वरच्या अंगाला फेका. ल्युअर पडत असताना दोरा सैल सोडू नका आणि ओढूही नका, नुसता हलका ताण ठेवा. नजर दोऱ्यावर असू द्या. दोरा एकदम सैल पडला की तळ आला. मग रॉडचं टोक घड्याळातल्या नवापासून अकरापर्यंत हळू उचला, आणि टोक ल्युअरच्या मागोमाग खाली आणा. सैल झालेला दोरा गुंडाळा, पुन्हा उचला. पडताना दोरा मध्येच थांबला, बाजूला सरकला किंवा बोटाला ‘टक्’ लागलं, तर तो मासा समजा. त्या वेळी व्हिडिओतल्यासारखा हिसका देऊ नका. दोरा दोन वेढे गुंडाळून रॉड ठामपणे वर घ्या. ब्रेड ताणत नसल्यामुळे तेवढ्यानं गळ रुततो.

जिताड्यासाठी मात्र दुसरी चाल. ओहोटीच्या वेळी कांदळवनातले छोटे ओहोळ खाडीत रिकामे होतात आणि त्यांच्याबरोबर कोळंबी, पिल्लं वाहून येतात. त्या तोंडाशी तळापासून थोडं वर, शेपटी जेमतेम हलेल इतक्या संथपणे ल्युअर ओढत राहा. इथे सब्र लागतो. बहुतेकांचं रील तिप्पट वेगानं फिरत असतं.

आमचे जुने चाचा लोक म्हणतात, “जिवंत कोळंबी लाव, हे प्लास्टिकचे चोचले कशाला?” त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. कोळंबीला वास असतो, ती नवशिक्यालाही मासा मिळवून देते. पण ती दर वेळी विकत घ्यावी लागते आणि निम्मी शिंगाळे खाऊन जातात. त्यांचा दुसरा आक्षेप मला जास्त पटतो. तुटलेलं प्लास्टिक खाडीतच राहतं आणि ते कुजत नाही. कांदळवनात अडकलेल्या ब्रेडमध्ये पक्ष्यांचे पाय गुंततात. आणि बारीक लीडर तुटून मासा गळासकट गेला तर तो ना आपल्या ताटात येतो, ना धड जगतो. मासा आपल्याला हलाल आहे, म्हणून त्याला तोंडात लोखंड देऊन सोडणं योग्य ठरत नाही.

या आक्षेपाचं उत्तरही योग्य जुळणीतच आहे. वजन बरोबर असेल तर ल्युअर कमी अडकतो. मुळांच्या जागी गळाचं टोक प्लास्टिकमध्ये लपवणारी टेक्सास रिग वापरली तर आणखी कमी. लीडर जाड असेल तर तुटत नाही. फाटलेल्या शेपट्या आणि दोऱ्याचे तुकडे खिशातून घरी आणायला तर काहीच लागत नाही. मला विचारल्याशिवाय राहत नाही, की ज्या काठावर आपण रोज उभे राहतो तिथे चहाचे कप आणि दोऱ्याचे गुंते टाकून जाणाऱ्याला शौकीन कसं म्हणायचं?

एक धोक्याची गोष्ट. कार्बनचा रॉड वीजवाहक असतो. विजेच्या तारांखाली तो उभा धरू नका आणि ढग गडगडू लागले की आडवा ठेवून काठावरून निघा. मासा दुसऱ्या दिवशीही असतो.

तेव्हा ज्याच्याकडे पाच हजार आहेत त्यानं पाचही हजार रॉडवर घालू नयेत. दोन-अडीच हजारांत साधा, योग्य वजनाचा रॉड मिळतो. उरलेल्यात बेताचं रील, दोरा, लीडर आणि पाच ते एकवीस ग्रॅमपर्यंतची जिग हेडं घ्या. प्लास्टिकचे दोनच रंग पुरेत, एक उजळ आणि एक गडद. मग पहिल्या दिवशी मासा विसरा. डोळे मिटून नुसता तळ वाचा : चिखलात ल्युअर मऊ रुततो, रेतीवर टिचकी वाजल्यासारखा लागतो, कालवांवर खरखरतो. हा फरक हाताला कळू लागला की पुढचा रॉड कोणता घ्यायचा, हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.