छातीची शस्त्रक्रिया आणि फुकटचे फतवे

चाळीस-पन्नास किलो वजन घटवलेल्या माणसाचं आपल्याकडे भरपूर कौतुक होतं. जुना आणि नवा फोटो शेजारी-शेजारी लावून व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरतो, ‘माशाअल्लाह’चा पाऊस पडतो. पण त्याच माणसाने पुढे म्हटलं की, छातीवर लोंबणारी कातडी काढून घ्यायचा विचार आहे, की कौतुक करणारेच काझी होतात. ‘जिमला जा, आपोआप बसेल.’ ‘पुरुषाला कशाला हवीत ही थेरं?’ ‘अल्लाहने दिलेल्या शरीरात ढवळाढवळ हराम आहे.’ ही तिन्ही उत्तरं चुकीची आहेत. ती देणाऱ्यांनी बहुधा ना वैद्यक वाचलेलं असतं, ना फिक्ह.

आधी जिमचं बघू. लठ्ठ पुरुषाची छाती वाढते तेव्हा तिथे तीन गोष्टी असू शकतात: चरबी, स्तनाग्रामागची ग्रंथी आणि ताणलेली त्वचा. वजन उतरलं की चरबी कमी होते. ग्रंथी जुनी झाली असेल तर ती व्यायामाने विरघळत नाही. आणि वर्षानुवर्षं ताणलेली त्वचा हवा गेलेल्या फुग्यासारखी सैल राहते. जोर मारून स्नायू वाढतात, पण ते त्वचेच्या खाली असतात. त्यांच्यामुळे वरची घडी नाहीशी होत नाही. म्हणजे ज्याने सर्वात जास्त मेहनत केली, त्यालाच आपण ‘अजून मेहनत कर’ म्हणतो.

मग थेरांचं. त्या घडीखाली घाम साचतो, कातडी सोलवटते, बुरशी धरते. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे किती त्रासाचं आहे, ते सांगायला नको. धावताना ती हलते. रुकूमध्ये वाकलं की सदऱ्याच्या आत लोंबते, म्हणून उन्हाळ्यातही दोन-दोन बनियन चढवले जातात. शाळेपासून ‘बायल्या’ ऐकलेला माणूस पोहायला जात नाही, हकीमापुढेही सदरा काढत नाही. वास्तविक बहुतेक मजहबांनुसार पुरुषाचं सतर नाभीपासून गुडघ्यापर्यंत आहे, छाती त्यात नाही. तरीही हा माणूस आयुष्यभर छाती लपवत जगतो. उमऱ्याच्या तवाफमध्ये पुरुषांनी एहरामची चादर उजव्या काखेखालून घेऊन डाव्या खांद्यावर टाकायची असते. या इज्तिबामध्ये उजवा खांदा उघडा राहतो आणि छातीचा भागही दिसतो. पैसे जमलेले असताना केवळ या विचाराने एखाद्याचा पाय अडखळत असेल, तर त्याला नखरे म्हणायचं?

आता हरामचं. यासाठी सूरह अन-निसाची ११९ वी आयत पुढे केली जाते. अल्लाहच्या निर्मितीत बदल करायला मी माणसांना लावीन, ही त्यातली सैतानाची धमकी आहे. पण फकीहांनी या आयतीचा अर्थ ‘शरीराला चाकू लावूच नका’ असा घेतला नाही. जे बिघडलं ते पूर्ववत करणं वेगळं, आणि हौसेखातर धडधाकट अवयव बदलणं वेगळं, हा फरक त्यांनी केला. अबू दाऊद आणि तिर्मिझीच्या संग्रहांत अरफजा बिन असअद यांची हदीस आहे. कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं होतं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं, त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषांना सोनं वर्ज्य असूनही! ‘नाकाशिवाय जग, सब्र कर’ असं सांगितलं नाही.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने २००७ साली पुत्रजायाच्या अधिवेशनात प्लास्टिक सर्जरीवर ठराव केला. जन्मजात वा नंतर आलेला दोष दुरुस्त करायला आणि शारीरिक वा मानसिक त्रास देणारी कुरूपता दूर करायला त्यात मुभा आहे. निव्वळ लहरीपोटी चेहरामोहरा बदलायला नाही. लठ्ठपणानंतर लोंबणारी छाती यातल्या कोणत्या बाजूला बसते, हे कळायला मुफ्ती असावं लागत नाही. गंमत अशी की, टकलावर केस रोवून घ्यायला तुर्कस्तानला जाऊन आलेल्या साहेबांना यातला एकही फतवा ऐकावा लागत नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने ऑपरेशन टेबलावर चढावं असा नाही. ‘सकाळी या, संध्याकाळी मर्द होऊन जा’ अशा थाटात तरुणांना भुलवणाऱ्या जाहिराती त्या फतव्यांइतक्याच खोट्या आहेत. वजन निदान सहा महिने स्थिर असावं, नाहीतर केलेलं वाया जातं. छाती कशामुळे वाढली, हे आधी तपासायला हवं: हार्मोन, थायरॉइड, यकृत, चालू औषधं, जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड. एकाच बाजूला कडक गाठ असेल किंवा स्तनाग्रातून स्राव येत असेल, तर आधी कर्करोगाची शक्यता तपासून घ्यावी, तो पुरुषांनाही होतो. त्वचा फार सैल असेल तर नुसती चरबी ओढून भागत नाही, त्वचा कापावी लागते, स्तनाग्राची जागा बदलावी लागते. त्याचे व्रण कायम राहतात, संवेदना जाऊ शकते, रक्त किंवा पाणी साचू शकतं. सिगारेट ओढणाऱ्याची जखम लवकर भरत नाही. हे सगळं सांगणारा डॉक्टर शोधावा. जो फक्त हप्ते सांगतो, त्याच्याकडून उठावं.

आणि विमा कंपन्या? २०१९ मध्ये आलेल्या नियमांनुसार बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ वा त्याहून जास्त असून सोबत ठरावीक गंभीर आजार असतील, तर लठ्ठपणाची शस्त्रक्रिया विम्यात बसू शकते. पण त्यानंतर उरलेली कातडी काढायची म्हटलं की तो ‘सौंदर्योपचार’! अपघात, भाजणं, कर्करोग किंवा आरोग्याला थेट आणि तातडीचा धोका एवढीच सूट. अर्धा इलाज मान्य, उरलेला अर्धा चैन. ज्याच्याकडे पैसे आहेत तो करून घेतो. रिक्षा चालवणारा, पॉवरलूमवर उभा राहणारा दुसरा बनियन घालतो.

शस्त्रक्रिया करायची की नाही, हा त्या माणसाचा निर्णय आहे. त्याने नाही म्हटलं तरी तो कमी मर्द ठरत नाही, हो म्हटलं तरी कमी मोमिन ठरत नाही. आपल्याकडून त्याला चांगल्या डॉक्टरचा पत्ता मिळाला तर द्यावा, उसने पैसे देता आले तर द्यावेत. तेही जमत नसेल, तर निदान त्याच्या छातीकडे बघणं आणि त्यावर बोलणं थांबवावं. चेष्टा करून एकमेकांना नावं ठेवायला कुरआनने मना केलं आहे. तिथे मात्र मतभेदाला जागाच नाही.