छपराचं वय मोजताय, घराचं कोण मोजणार?



मृग तोंडावर आलाय. वाड्यावस्त्यांवर शाकारणी चालू आहे. कुणी पेंढा ओढतंय, कुणी जुन्या पत्र्याच्या भोकांना डांबर लावतंय, कुणी चाकणच्या भंगारवाल्याकडनं कंपनीच्या शेडवरून उतरवलेले पत्रे किलोवर आणलेत. आणि याच दिवसांत वाट सुकी असते म्हणून साहेब लोक पण येतात. हातात वही, गळ्यात ओळखपत्र. घरात कुणी येत नाही. बाहेर उभं राहून वर बघतात आणि लिहितात, 'तात्पुरते'.

या एका शब्दानं आपलं किती नुकसान होतं ते नीट समजून घ्या.

जमीन संपादनात घराची भरपाई काढताना बांधकामाचा प्रकार बघतात, त्याचं वय बघतात, अजून किती वर्षं टिकेल ते ठरवतात आणि जितकं वय झालं त्याचा घसारा कापतात. सरकारच्या रेडी रेकनरमध्ये बांधकामाचे प्रकारच पाडलेत. आर.सी.सी., इतर पक्के, अर्धे पक्के, कच्चे. शहरातल्या इमारतीला हा हिशोब ठीक असेल. ती एकदा बांधली की जागेवर म्हातारी होत जाते. आपलं घर तसं होत नाही. यंदा पेंढा बदलला, पुढच्या वर्षी दोन वासे, त्याच्या पुढं एखादी मेढ. दिवाळीला कूड लिंपला. पंचवीस वर्षांनी त्या घरात पहिल्या दिवसाची एक काडी पण नसंल, पण घर तेच आहे. अंगण तेच, उंबरा तोच, बाळंतिणीची मोरी तीच. मग या घराचं वय किती लिहिणार? दोन वर्षं?

आमच्या तालुक्यातल्या एका वाडीवर असाच पंचनामा झाला. गावाचं आणि खात्याचं नाव इथं छापत नाही, अर्ज चालू आहे. साहेबांनी विचारलं, "घर कधी बांधलं?" माणसानं सरळ उत्तर दिलं, "औंदा पत्रा टाकला, सायेब." लिहिलं गेलं, बांधकाम चालू वर्षाचे, तात्पुरते शेड. त्याची म्हातारी आई मागनं ओरडली, "पत्रा औंदाचा हाय. चूल माज्या सासूची हाय." ते कुणी लिहून घेतलं नाही. त्या कागदात चुलीला रकानाच नव्हता.

छप्पर किती टिकंल हे बघायचं असंल तर आपल्या जाणत्यांकडनं शिका. ते बाहेर उभे राहत नाहीत. आत येतात, चुलीपाशी बसतात आणि खालून वर बघतात. उजेडाचे ठिपके कुठं पडतात ते बघतात. वाशाला कोयत्याचं टोक लावतात. टोक सहज आत गेलं की वासा गेला. आढ्यावर वाळवीची माती चढलीय का, बांबूतनं पिवळा भुसा गळतो का, मेढ जमिनीलगत कुजलीय का, हे सगळं हातानं चाचपतात. आणि चूल रोज पेटते का ते पण विचारतात. धुरानं काळं झालेलं छप्पर किडीला लवकर सापडत नाही. दिवाळीनंतर घर बंद करून वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी भावाला विचारा, परत आल्यावर छपराची काय दशा असते ती. पत्र्याचं वेगळं. पत्रा मधनं सहसा जात नाही. हुकाच्या भोकापासनं गंजतो, नाहीतर जिथं एकावर एक चढवलाय तिथं पाणी धरून गंजतो. सिमेंटचा पत्रा तर खालनं धडधाकट दिसतो आणि शाकारायला माणूस चढला की पायाखाली फुटतो.

एवढं सगळं बघून जाणता माणूस आकडा सांगत नाही. तो म्हणतो, "औंदाचा पाऊस काढंल. फुडच्या वर्साला तीन वासं बदला." वासे बदलायला मिळणार, हे त्याच्या हिशोबात धरलेलंच असतं.

आता तेच धरता येत नाही. वर डोंगरात जावं तर १९८५ सालापासून भीमाशंकर अभयारण्य आहे. कारवी तोडली की पावती, बांबू तोडला की केस. कारवी सात वर्षांनी फुलते आणि मग वाळून मरतेच, त्या वाळलेल्या काठ्यांचा कूड करत आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली. खाली चाकणकडं यावं तर जिथं गवत कापायचो तिथं आता गोडाऊनची भिंत आहे. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, मग वासुली, सावरदरी, भांबोली, एकेका टप्प्याला एमआयडीसी वर सरकत आली. पडीक पण कुंपणात गेलं आणि गायरानं पण. पेंढा विकत, बांबू विकत. म्हणून पोरं पत्रा आणतात. छपराचं आयुष्य आधी यांनीच कमी केलं, आणि आता तेच येऊन विचारतात, हे किती दिवस टिकंल?

शहरातनं येणारे काही चांगले लोक गवताच्या छपराचं लय कौतुक करतात. थंड असतं, निसर्गाचं असतं म्हणतात. असतंच. पण दर वर्षी शाकारणीत आठ-दहा दिवसांची मजुरी बुडते, रात्रभर गळत्या खाली भांडी सरकवत बाई जागी राहते, आणि ठिणगी उडाली की दाणागोटा सगळा जातो. पत्रा टाकणारा आपला माणूस चैन करत नाही. त्यानं पत्रा टाकला म्हणून तो आदिवासी राहिला नाही असं म्हणणाऱ्यांनी एक पावसाळा इथं काढावा.

आता गंमत बघा. गंमत कसली, पण म्हणतो. कुडाच्या भिंती आणि वर पत्रा असं एकच घर घ्या आणि सरकारनं ते कसं कसं मोजलं ते बघा.

२००२ साली दारिद्र्यरेषेचा सर्व्हे झाला. तेरा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण. अंगावरचे कपडे पण मोजले होते. घर नसंल तर शून्य, कच्चं असंल तर एक, अर्धं पक्कं असंल तर दोन. गुण वाढले की माणूस गरिबीतनं बाहेर. म्हणजे पत्रा टाकल्याबरोबर आपण एका गुणानं श्रीमंत झालो. २०१० साली जनगणनेसाठी घरं मोजली. त्यात छपराचं साहित्य काय आणि घराची अवस्था काय, चांगली, राहण्याजोगी की मोडकळीस आलेली, असं विचारलं. त्या हिशोबात भिंत कच्ची आणि छप्पर पत्र्याचं म्हणून हेच घर अर्धं कायम ठरलं. त्यानंतर सामाजिक-आर्थिक आणि जातीची गणना आली. हातात पाटीएवढं यंत्र घेऊन आले. त्यात वंचित कोण, तर कच्च्या भिंती आणि कच्चं छप्पर असलेल्या एका खोलीत राहणारा. पत्रा त्यांच्या यादीत पक्का! मग तो गंजलेला असो, भोकं पडलेला असो, वर दगड ठेवून दाबलेला असो. आणि चौथा येतो जमीन संपादनवाला. त्याच्या वहीत तेच घर तात्पुरतं शेड.

घरकुल मागायला गेलं की आमचं छप्पर पक्कं. भरपाई मागायला गेलं की तेच छप्पर तात्पुरतं. जिथं सरकारला द्यावं लागतं तिथं बरोबर उलटा निकाल लागतो. याला चूक म्हणायला मी तयार नाही. चूक कधीतरी आपल्या बाजूनं पण झाली असती.

वनजमिनीवर राहणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. वनाधिकार कायद्याची तारीख १३ डिसेंबर २००५. त्याच्या आधीपासून राहतो हे दाखवायचं. गार्ड येतो, नवा पत्रा बघतो आणि म्हणतो अतिक्रमण नवं आहे. साथींनो, त्याला नियम १३ वाचून दाखवा. पुरावा म्हणून घर आणि झोपडी दोन्ही चालतात, बांधबंदिस्ती चालते, विहीर, देवाची जागा, मसणवट चालते, वंशावळ चालते, जाणत्यांचा लिहून घेतलेला जबाब चालतो. यातले एकापेक्षा जास्त पुरावे लावायचे असतात. पत्रा कधीचा आहे असं त्या नियमात कुठं विचारलेलं नाही. आणि दाव्याची तपासणी पूर्ण होईपर्यंत कुणाला हलवता येत नाही, कलम ४ (५).

आपल्यातले काही तरुण, कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर लागलेले, मला म्हणतात, "हे सगळं सोड. कर्ज काढू, स्लॅब टाकू. स्लॅबला कोण तात्पुरतं म्हणतंय?" त्यांनी जरा खाली पिंपरी-चिंचवडला जाऊन बघावं. तिथं हजारो घरं स्लॅबची आहेत. मागं हायकोर्टाच्या हुकुमावरनं महापालिकेचा बुलडोझर फिरला, कारण जमीन आरक्षणाची किंवा बांधकाम बिनपरवाना. स्लॅब किती मजबूत, सळई किती एमएमची, हे बुलडोझरवाला बघत नाही. निगडीच्या सेक्टर २२ मध्ये तर महापालिकेनं स्वतः झोपडपट्टीवाल्यांसाठी इमारती बांधल्या. देहूरोडच्या दारूगोळा कोठाराच्या रेड झोनमध्ये येतात म्हणून प्रकरण हायकोर्टात अडकलं. छप्पर एकदम कोरं, आणि खाली बऱ्याच घरांत राहायला माणूस नव्हता. नवनगर प्राधिकरणानं १९७२ पासून ज्यांच्या जमिनी घेतल्या ते शेतकरी साडेबारा टक्के परताव्यासाठी वर्षानुवर्षं चकरा मारत राहिले. त्यांची घरं दगडी होती.

तेव्हा छपराकडं वर बघणं सोडा. खाली जमिनीवर कुणाचं नाव आहे ते बघा. घर शंभर वर्षं टिकणार की पुढच्या शिमग्याला उठणार हे तिथं ठरतं. चाकणच्या आसपासच्या आपल्या बऱ्याच वस्त्या दुसऱ्याच्या मालकीत आहेत. आजा-पणजा मालकाच्या शेतावर राबायला आला, मालकानं बांधाला जागा दिली, तिथं वाडी वसली. सातबाऱ्यावर वाडीचा पत्ताच नाही. आता मालकाला एकरी भाव मिळतो, एजंट रोज मोटारसायकलवर येतो. एमआयडीसीची नोटीस निघाली तर ती सातबाऱ्यावरच्या नावानं निघते. १९६१ च्या एमआयडीसी कायद्यात कलम ३२ (२) खाली मालकाबरोबर ज्यांचा हितसंबंध आहे त्यांना पण म्हणणं मांडायला बोलवायचं असतं. आपल्याला कुणी बोलवत नाही. आपण कागदावर नसतोच.

यावर कायदा आहे, आणि तो जुना आहे. १९४८ चा कुळकायदा फक्त कुळांसाठी आहे असं समजू नका. कलम १६, १७ आणि १७ ब मध्ये मालकाच्या जागेवर स्वतःच्या खर्चानं घर बांधून राहणाऱ्या कुळाला घरातनं काढता येत नाही आणि घराखालची जागा त्याच्या नावावर होऊ शकते अशी सोय आहे. कलम १८ नं तीच सोय शेतमजुराला आणि कारागिराला पण दिलीय. तिथं छप्पर गवताचं की कौलाचं असा भेद नाही. पण याच कायद्यात कलम ८८ आहे. सरकारनं एखादा भाग उद्योगासाठी राखीव म्हणून जाहीर केला की तिथं ही कलमं लागू राहत नाहीत. म्हणजे शिक्का पडायच्या आत अर्ज गेला पाहिजे. शिक्का पडल्यावर मोर्चा काढता येईल, पण हे कलम हातात राहणार नाही. महसूल कायद्याच्या कलम १२२ खाली वाडीला गावठाणाची हद्द मागता येते, तो ठराव ग्रामसभेत आणा. २०१३ साली शबरी घरकुल योजना निघाली, तिचं स्वागत आहे. पण तिथं पण पहिला प्रश्न हाच, जागा कुठंय? म्हणजे सरकार छप्पर द्यायला तयार आहे, ते टेकवायचं कशावर तेवढं आम्ही शोधायचं.

आता साहेब वाडीवर आले तर काय करायचं ते सांगतो.

"घर कधी बांधलं" असं विचारलं तर पत्र्याची तारीख सांगू नका. वाडीत किती पिढ्या राहतो ते सांगा आणि तेच लिहायला लावा. "वास्तव्य आजोबांपासून, छपराची दुरुस्ती दर वर्षी" एवढी ओळ पंचनाम्यात आली पाहिजे. लिहीत नसतील तर सही करू नका. अंगठा तर मुळीच देऊ नका, आणि कोऱ्या कागदावर कधीच नाही. पंच आपल्या वाडीतला पाहिजे, तोही वाचता येणारा. बारावी नापास पोरगं चालंल, एजंटाचा मेहुणा नको. नक्कल जागेवर मागा. नाही दिली तर माहिती अधिकारात अर्ज टाका, तीस दिवसांत द्यावी लागते.

आणि सगळ्यात आधी, याच आठवड्यात, ग्रामपंचायतीत जाऊन नमुना ८ चा उतारा काढा. त्यात मालकाचा रकाना वेगळा आणि भोगवटादाराचा वेगळा असतो. भोगवटादार म्हणून तुमचं नाव लागलंय का बघा. घरपट्टीची जुनी पावती कुणाच्या ट्रंकेत असंल तर ती शोधा, कार्यकर्त्याकडं झेरॉक्स द्या, मूळ कागद कुणाला देऊ नका, आम्हाला पण नाही. नाव नसंल तर लावून घ्यायचा अर्ज दोन प्रतीत करा आणि एका प्रतीवर पोच घ्या. ग्रामसेवक म्हणंल, "पाऊस झाल्यावर या." ऐकू नका. चौघंजण मिळून जा, त्यात दोन बाया असू द्या, आणि पोच मिळेपर्यंत तिथंच बसा.