दर डोई आठ आणे : मुंबईची श्वानदंगल, १८३२

१/ ६ जून १८३२. मुंबईच्या कोटात भटकी कुत्री मारत हिंडणाऱ्या दोन शिपायांवर सुमारे २०० जणांचा जमाव चालून गेला. त्यात पारशी बहुसंख्य होते. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला, कुलाब्याच्या छावणीची रसद अडली आणि अखेर सैन्य बोलवावे लागले.

२/ पारशी धर्मात कुत्रा पवित्र, एवढेच कारण बहुधा सांगितले जाते. ते खोटे नाही. मृतदेहाला श्वानाची दृष्टी लाभावी म्हणून होणारा ‘सगदीद’ विधी प्रसिद्धच आहे. परंतु उन्हाळ्यात बेवारशी कुत्री मारण्याचा नियम १८१३ पासूनच होता. मग भडका १९ वर्षांनी का उडाला?

३/ उत्तर अंमलबजावणीत आहे. त्या वर्षी मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. नियमात शब्द होता ‘बेवारशी’. पैसे मात्र डोकी मोजून मिळत. साहजिकच घरादारांतली पाळीव कुत्रीही बळी पडू लागली. हिंदू, जैन आणि काही मुसलमानही निषेधात उतरले, ते यामुळेच.

४/ सरकारची भीती निराधार नव्हती. पिसाळलेल्या कुत्र्याचा दंश म्हणजे त्या काळी मृत्यूच; लस निघाली ती १८८५ मध्ये. म्हणूनच माझ्या मते १८३२ चा दोष हेतूचा नव्हे, मोजमापाचा होता. पुढे जमशेटजी जीजीभाईंनी आरोपींसाठी रदबदली केली आणि कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेण्याची तडजोड झाली.

५/ आज भटक्या कुत्र्यांसाठी निर्बीजीकरण व लसीकरणाचे नियम आहेत. २००१ चे नियम जाऊन २०२३ चे आले. पाळीव कुत्र्याच्या गळ्यात मात्र पट्टा हवा, अशी अपेक्षा असते. हा पट्टा दिसतो कुत्र्याच्या गळ्यात. बांधलेला असतो तो मालक. या प्राण्याचे उत्तरदायित्व कोणाचे, याचे ते दृश्य उत्तर होय.

६/ ‘किती कुत्री उचलली?’ हा आकडा यंत्रणेला सोपा जातो. ‘किती मालकांनी जबाबदारी घेतली? किती कुत्र्यांना लस मिळाली?’ हे प्रश्न कष्टाचे आहेत. परंतु चावा घेतला गेलेले मूल आणि दारातून ओढून नेलेला कुत्रा, दोघांनाही न्याय मिळेल तो याच प्रश्नांतून. आठ आण्यांचा हिशेब मुंबईने एकदा मांडून पाहिला आहे.