विश्लेषण : घराचा हप्ता खरेच भाडेकरू फेडतो का?

‘एक फ्लॅट घेऊन टाक, भाड्याने दे, हप्ता भाडेकरूच फेडेल.’ नोकरीला लागून दोन-तीन वर्षे झालेल्या बहुतेक तरुणांना हा सल्ला मामापासून इस्टेट एजंटपर्यंत सगळेच देतात. पण आकडे मांडले की चित्र वेगळे दिसते.

सुरुवातीला किती पैसे लागतात?

उदाहरणादाखल पुण्यातला ५० लाखांचा तयार फ्लॅट घेऊ. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के रक्कम देते. म्हणजे १० लाख स्वतःचे हवेत. ७ टक्के दराने मुद्रांक शुल्क साडेतीन लाख आणि नोंदणी शुल्क ३० हजार. घर महिलेच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. हा खर्च किमतीत धरला जात नाही, त्यामुळे तो खिशातूनच जातो. दलाली आणि डागडुजी वेगळी. थोडक्यात, १४ लाख तयार हवेत.

हप्ता आणि भाड्यात अंतर किती?

४० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे ३४,७०० रुपये. मोठ्या शहरांत वर्षाचे भाडे साधारणपणे घराच्या किमतीच्या दोन ते चार टक्केच असते. तीन टक्के धरले तर महिन्याला साडेबारा हजार. पहिल्या महिन्याचे नुसते व्याजच २८ हजारांवर जाते. म्हणजे भाड्यातून व्याजाचा निम्मा भागही सुटत नाही. उरलेले २२ हजार दरमहा पगारातून भरायचे. सोसायटीचा मेंटेनन्स, मालमत्ता कर आणि घर रिकामे राहिलेले महिने त्यावर.

करसवलतीचा आधार मिळतो का?

भाड्याच्या उत्पन्नातून ३० टक्के सरसकट वजावट आणि कर्जाचे व्याज वजा करता येते. मात्र नव्या करप्रणालीत त्यातून होणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वजा होत नाही.

खरा धोका कुठे?

१४ लाख जमवण्यासाठी पर्सनल लोन काढणे किंवा आई-वडिलांची मुदत ठेव मोडणे, इथे. नोकरी गेली तर दोन हप्ते अंगावर येतात आणि घर लगेच विकले जात नाही. भाव वाढतील या आशेवर घरच्यांचे म्हातारपण पणाला लावणे ही गुंतवणूक नव्हे, तो जुगार आहे.

मग काय करावे?

घर घ्यायचेच तर आधी स्वतः राहायला घ्यावे. स्वतःचे भाडे वाचते, दुसरी खोली देऊन हप्त्याला हातभारही लागतो. मात्र ‘लिव्ह अँड लायसन्स’ कराराची नोंदणी टाळू नये. महाराष्ट्रात ती बंधनकारक आहे आणि जबाबदारी घरमालकाची आहे. किमान सहा हप्त्यांची रक्कम बाजूला असल्याशिवाय सही करू नये.

भाड्याचेच उत्पन्न हवे असेल तर शेअर बाजारात नोंदलेल्या ‘रीट’चे एक युनिटही घेता येते. त्याचा भाव वर-खाली होतो, पण त्यासाठी २० वर्षे कर्जात अडकावे लागत नाही. पंचविशीत घर नसणे हे अपयश नाही. पगाराच्या आधी हप्त्याची धास्ती घेऊन जगणे मात्र महागात पडते.