नव्या वाटेची शिदोरी

‘बोलणाऱ्याचे हुलगे विकतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात,’ अशा अर्थाची एक म्हण आपल्याकडे प्रचलित आहे. विक्री म्हणजे गोड बोलण्याची कला, हा समज अशा म्हणींमुळेच दृढ झाला असावा. त्यामुळे तिशी-चाळिशीत जुने काम सोडून औषधांच्या किंवा वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीकडे वळू पाहणारी माणसे प्रथम आपल्या वाक्चातुर्याची चिंता करतात. माझ्या मते, त्यांनी प्रथम आपली शिदोरी तपासावी. शिदोरी म्हणजे आजवरच्या कामातून मिळालेले ज्ञान.

या संदर्भात बंगळुरूचे एक उदाहरण बोलके आहे. किरण मजुमदार-शॉ यांनी ऑस्ट्रेलियात बिअर बनवण्याचे शास्त्र आत्मसात केले. परंतु स्त्री असल्यामुळे भारतातील कारखान्यांनी त्यांना प्रमुख तंत्रज्ञाचे काम नाकारले. तेव्हा १९७८ मध्ये एका आयरिश कंपनीच्या सहकार्याने त्यांनी बंगळुरूत ‘बायोकॉन’ सुरू केली. भाड्याच्या घराचे गॅरेज ही जागा आणि दहा हजार रुपये हे भांडवल! पपईच्या चिकापासून पपेन हे विकर तयार करण्यापासून त्यांनी आरंभ केला. बिअर यीस्टशिवाय होत नाही. २००४ मध्ये बायोकॉनने बाजारात आणलेले इन्शुलिनही यीस्टच्याच एका वेगळ्या जातीच्या साहाय्याने तयार केलेले होते. वाट बदलली, पण शिदोरी वाया गेली नाही.

प्रत्येकाला कारखाना काढता येणार नाही, हे खरे. तथापि, औषधाच्या दुकानात काम केलेल्या माणसाला रुग्णाचा गोंधळ कोठे होतो, हे ठाऊक असते. यंत्रदुरुस्ती करणाऱ्याला उपकरण का बिघडते, हे कळते. हे अनुभव मोलाचेच आहेत. मात्र जे उणे आहे, तेही मान्य केले पाहिजे. औषधविक्रीसाठी अनेक कंपन्या विज्ञान किंवा औषधनिर्माणशास्त्राची पदवी मागतात. म्हणून अपुरे राहिलेले शिक्षण पूर्ण करणे, ही या प्रवासाची पहिली पायरी होय.

दुसरी गोष्ट व्यवहाराची. एका कमावत्या माणसाच्या निर्णयावर सारे घर अवलंबून असते. ठरावीक वेतन किती, विक्रीवर अवलंबून असलेली रक्कम किती आणि प्रवासखर्च कोणाचा, हे नियुक्तिपत्रात वाचल्याशिवाय जुनी नोकरी सोडू नये. काही महिन्यांचा घरखर्चही गाठीशी असावा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कापडाच्या दुकानातील अतिशयोक्तीने ग्राहकाचे चार पैसे जातात. औषधाविषयीच्या अतिशयोक्तीची किंमत रुग्णाला आपल्या शरीराने मोजावी लागते. केंद्र सरकारने २०२४ मध्ये औषधविक्रीसाठी आचारसंहिता जाहीर केली. तिच्यानुसार डॉक्टरांना वैयक्तिक भेटवस्तू देता येत नाहीत आणि एखाद्या औषधाला ‘सुरक्षित’ असे सरसकट म्हणताही येत नाही. महिन्याचे उद्दिष्ट अपुरे असताना हा नियम पाळणे सोपे नाही. परंतु एकदा फसलेला डॉक्टर पुन्हा दार उघडत नाही, हेही तितकेच खरे.

म्हणून या व्यवसायात त्या म्हणीला मुरड घालावी लागेल. येथे हुलग्यांना हुलगे आणि गव्हाला गहू म्हणणाराच अखेर टिकतो.