अप्पांना एका वाक्यात गुंडाळू नका

१८ ऑगस्ट २०२५ रोजी अभिनेते अच्युत पोतदार यांचं ठाण्यात निधन झालं आणि बहुतेक बातम्यांनी त्यांना ‘थ्री इडियट्स’ चित्रपटातल्या ‘कहना क्या चाहते हो?’ या एका वाक्यात बसवलं. प्रसिद्धी त्या वाक्याने दिली हे खरंच. मग तक्रार कसली? तक्रार अशी की, वाक्य लेखकाचं होतं, हशा मात्र पोतदारांनी मिळवला. चित्रपटाचा नायक रँचो वर्गात पुस्तकाची लांबलचक व्याख्या ऐकवतो, तेव्हा प्राध्यापक झालेल्या पोतदारांच्या चेहऱ्यावर आधी संशय, मग गोंधळ आणि शेवटी वैताग उतरतो. विनोद तिथे घडतो. शिवाय त्या वाक्यापलीकडेही त्यांचं आयुष्य होतं: सैन्यात कॅप्टन, पुढे इंडियन ऑइलमध्ये अधिकारी, चाळिशी उलटल्यावर अभिनय, सव्वाशेच्या आसपास चित्रपट आणि ऐंशी ओलांडल्यावर ‘माझा होशील ना’ या मालिकेतले अप्पा. हाताशी नोकरी असलेल्याचं कसलं कौतुक, असं कुणी म्हणेल. पण पोटाची चिंता नसलेला माणूस छोट्या भूमिकेत कुचराईही करू शकतो. त्यांनी ती केली नाही.

अशा छोट्या भूमिकांचं मोल लहान गावात कळतं. गेवराई तालुक्यातल्या चकलांब्यासारख्या गावाला मुंबई-पुण्याची नाट्यगृहं लांबच. तिथे अभिनय पोचतो तो टीव्हीवरून, आणि मालिकेतलं घर खरं वाटतं ते नायकापेक्षा अशा आजोबांमुळे. मात्र श्रेयनामावली पडद्यावरून इतकी भरभर पळवतात की, चेहरा ओळखीचा होतो अन् नाव कळतच नाही. वाहिन्यांनी श्रद्धांजलीची पाटी जरूर लावावी. पण त्याआधी, कलाकार हयात असतानाच, त्याचं नाव वाचता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवावं.